चोर सोडून सोलेनॉइडला फाशी

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडे उतरताना ऑटोमॅटिक गाडी अचानक जड होते, एकाच गिअरमध्ये रडत चालते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजातलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘गिअरबॉक्स गेला.’

तो गेलेला असेलच असं नाही. विजेत गडबड दिसली की गाडीचा कॉम्प्युटर गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा वीजपुरवठा स्वतःच तोडतो आणि गाडी एका ठरावीक गिअरवर धरून ठेवतो. तुम्ही कसंबसं घरी पोचावं आणि गिअरबॉक्स वाचावा, म्हणून केलेली ती सोय आहे.

दुसरा गैरसमज महागात पडतो: स्कॅनरवर सोलेनॉइड दिसला, की बदला सोलेनॉइड! सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची कॉईल. वीज आली की आतला दांडा सरकतो आणि ऑईलची वाट उघडतो किंवा बंद करतो. ‘पी०७५३’ हा कोड एवढंच सांगतो, की ‘ए’ क्रमांकाच्या शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये विजेचा दोष आहे. त्या सर्किटात वायर, कनेक्टर, अर्थिंग आणि खुद्द कॉम्प्युटरही येतो. शेजारचा ‘पी०७५१’ मात्र वेगळा. तिथे विजेपेक्षा अडकलेल्या व्हॉल्व्हवर किंवा ऑईलच्या दाबावर संशय घ्यावा लागतो. शेवटचा आकडा बदलला की तपासाची दिशाच बदलते.

आणि आपल्याकडे वायरीचे शत्रू काय थोडे आहेत! दौंड-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात फडाशेजारी उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतो आणि वायरी कुरतडतो. वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याचा फवारा कनेक्टरमध्ये घुसतो, पिना हिरव्या पडतात. बॅटरी दमलेली असली तरी कॉम्प्युटर भलतेच कोड दाखवतो, म्हणून आधी तीच तपासावी.

मग बॅटरीची वायर काढून गिअरबॉक्सचा कनेक्टर सोडवायचा आणि मल्टिमीटर लावायचा. साध्या चालू-बंद सोलेनॉइडचा रोध बहुधा १० ते ३० ओहम असतो, दाब सांभाळणाऱ्याचा त्याहून बराच कमी. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. मीटर अनंत दाखवत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. आकडा बरोबर आला तर संशय बाहेरच्या वायरिंगवर. पण एवढ्यावर थांबू नये. तांब्याचा रोध दर १० अंशांना साधारण ४ टक्के वाढतो आणि काही कॉईल तापल्यावरच तुटतात; म्हणून गरम गाडीवर पुन्हा मोजायचं. एकाच तंतूवर तगलेली वायरही मीटरवर ठीक दिसते, भार आला की उघडी पडते. गाडी चालू असताना व्होल्टेज किती पडतं ते पाहिल्याशिवाय त्या वायरीला सोडू नये.

‘ऑईल बदला, होईल ठीक’ हाही एक सल्ला मिळतो. ऑईल तुटलेली वायर जोडत नाही.

हे सगळं पुण्याच्या बड्या गॅरेजचंच काम, असंही मानतात. गिअरबॉक्स गुंतागुंतीचे झालेत हे खरं; शिरूर तालुक्यातल्या रांजणगावलाच २०१७पासून जीप कंपास बनते आणि तिच्या डिझेल ऑटोमॅटिकला नऊ गिअर आहेत. पण वरची पहिली तपासणी मल्टिमीटर आणि मॅन्युअल असलेला तालुक्याचा चांगला वायरमनही करतो. त्याला फक्त गाडी खरी ऑटोमॅटिक आहे की क्लचवाली एएमटी, ते आधी सांगा.

आणि गाडी बंदच पडली, तर दोरी लावून टोचन करू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा ऑईलपंप फिरत नाही. चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात. दोष एका वायरीचा असतो आणि टोचनाने गिअरबॉक्स खरोखरच जातो. गाडी चारही चाकं उचलून फ्लॅटबेडवरच न्या.