तिघांचं एडिटिंग, एकच साठा

समजा, वेलिंग्टनमध्ये तुम्ही तिघं मिळून मराठी मंडळाच्या नाटकाचं ४के चित्रण एडिट करताय. फायली एकाच ठिकाणी हव्यात. मग सॅन घ्यायचं की नॅस?

आधी गणित करा. प्रोरेस ४२२ मध्ये, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका कॅमेऱ्याच्या चित्रणाला सुमारे ४९२ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात. तिघांचे झाले १,४७६. नेहमीचं गिगाबिट नेटवर्क १,००० लाच संपतं. म्हणून स्विच १० गिगाबिटचा घ्या, आणि तेवढा वेग देतील इतक्या डिस्कही.

सॅन प्रत्येक संगणकाला डिस्कच जोडून देतं. कोणी कुठे लिहायचं हे ठरवणारी खास फाइल सिस्टिम नसेल, तर एकाचं लिखाण दुसरा पुसतो. नॅस फायली देतं आणि ही शिस्त स्वतःच सांभाळतं. तिघांना नॅस पुरे.

रेडमुळे एखादी डिस्क गेली तरी काम वाचतं. पण इमारतच बंद झाली तर? १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या कायकोरा भूकंपानंतर वेलिंग्टनमधल्या अनेक इमारती बंद कराव्या लागल्या. नाटकाचा तो प्रयोग पुन्हा होणार नाही. एक प्रत ऑकलंडच्या मित्राकडे ठेवाच.