पेटंटचे खटले : मोबाइलमधल्या नव्या शोधांना खतपाणी की खोडा?



विज्ञान दिनाला आपण मुलांना शोध आणि संशोधक सांगतो. विजेचा दिवा कोणी केला, टेलिफोन कोणी केला, याची उत्तरं मुलांना पाठ असतात. पण एखादं मूल विचारतं, "सर, हा मोबाइल कोणी शोधला?" तेव्हा एक नाव सांगता येत नाही. कारण एका स्मार्टफोनमध्ये हजारो छोटे-मोठे शोध असतात आणि त्यांचे मालक वेगवेगळे असतात. म्हणूनच मोबाइल कंपन्या सारख्या एकमेकींना कोर्टात खेचतात. या भांडणांनी नवे शोध वाढतात की अडतात? आज तेच जरा सविस्तर पाहू.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट हा सरकार आणि शोध लावणारा यांच्यातला एक सौदा आहे. शोध कसा चालतो हे सगळं उघड लिहून द्यायचं. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तो शोध दुसऱ्या कोणी परवानगीशिवाय वापरायचा नाही. मुदत संपली की तो सगळ्यांचा. आपल्याकडे यासाठी १९७० चा पेटंट कायदा आहे. त्याच्या मुख्य अटी तीन : गोष्ट नवीन हवी, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नको आणि उद्योगात उपयोगी हवी.

आपल्या निफाडकरांना हे द्राक्षबागेवरून पटकन कळेल. थॉम्पसनच्या बागांतून शेतकऱ्यांनी निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका या जाती काड्यांवाटे गावोगाव पसरल्या. याउलट अलीकडच्या काही परदेशी जाती परवाना घेऊन, रॉयल्टी भरूनच लावता येतात. पिकांच्या जातींसाठी पेटंटचा नाही, तर २००१ चा वेगळा कायदा आहे. पण पेच तोच. मोकळं सोडलं तर पटकन पसरतं. पण नवी जात तयार करायला ज्याने वर्षानुवर्षं पैसा घातला, त्याच्या पदरात काय पडणार?

आधी आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट

मोबाइलकडे वळण्याआधी एका मोटरसायकलची गोष्ट सांगतो, कारण खटला कसा चालतो ते त्यात स्वच्छ दिसतं. पुण्याच्या बजाज ऑटोने लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याचं तंत्र विकसित केलं. पल्सरवरची 'डीटीएस-आय' ही अक्षरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, तेच हे तंत्र. बजाजने २००२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, २००५ मध्ये ते मिळालं. २००७ मध्ये तमिळनाडूच्या टीव्हीएस कंपनीने दोन प्लगची 'फ्लेम' ही गाडी आणली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. टीव्हीएसचं म्हणणं होतं, आमचं इंजिन तीन व्हॉल्व्हचं, म्हणजे वेगळं आहे; शिवाय दोन प्लगची कल्पना जगात आधीपासूनच होती.

फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने टीव्हीएसला तात्पुरती मनाई केली. मे २००९ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मुभा दिली, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितलं. असे खटले वर्षानुवर्षं तात्पुरत्या आदेशांवरच लोंबकळत राहतात, अशी नाराजीही व्यक्त केली आणि रोज सुनावणी घेऊन हे खटले चार महिन्यांत निकाली काढावेत असं बजावलं. प्रत्यक्षात काय झालं? २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात तडजोड केली. पेटंटची मुदत २० वर्षं आणि त्यातली सुमारे १२ वर्षं वादात गेली!

आता मोबाइल

मोबाइलच्या खटल्यांचे सोयीसाठी तीन प्रकार करू.

१) नवीन नसलेल्या गोष्टीवर हक्क : दोन सिमचा फोन आज घरोघरी आहे. मदुराईच्या एस. रामकुमार यांना एकापेक्षा जास्त सिम चालणाऱ्या फोनसाठी २००८ मध्ये भारतात पेटंट मिळालं होतं. त्या जोरावर परदेशातून येणारे असे फोन सीमाशुल्क विभागात अडवले जाऊ लागले. सॅमसंगने त्याला आव्हान दिलं आणि २०१२ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने हे पेटंट रद्द केलं. इथे कायद्याच्या लढाईचा फायदाच झाला. चुकीच्या दाराला लागलेलं कुलूप निघालं.

२) दिसणं आणि वापरण्याची पद्धत : अॅपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर अमेरिकेत खटला भरला. फोनचा आकार, पडद्यावरच्या चिन्हांची मांडणी, बोटांनी चित्र मोठं करणं असे मुद्दे त्यात होते. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे ती रक्कम बदलत गेली आणि २०१८ मध्ये समझोता झाला. गंमत म्हणजे कोर्टात भांडत असताना सॅमसंग अॅपलला सुटे भागही पुरवत होती. इतक्या मोठ्या कंपन्यांना सात वर्षांचा खटला झेपतो. नवख्या कंपनीला झेपेल का?

३) ज्याच्याशिवाय फोन चालूच शकत नाही असे शोध : टूजी, थ्रीजी, फोरजी ही सगळ्या जगाने मान्य केलेली मानकं आहेत. ती पाळायची तर त्यातली पेटंटं वापरावीच लागतात, दुसरा रस्ता नाही. म्हणून अशा पेटंटच्या मालकाने सर्वांना वाजवी दरात परवाना द्यावा, असा संकेत आहे. पण वाजवी म्हणजे किती? भांडण इथेच आहे. स्वीडनच्या एरिक्सनने दिल्ली उच्च न्यायालयात २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सवर दावा केला. डिसेंबर २०१४ मध्ये शाओमीच्या फोनविक्रीवर बंदी आली आणि काही दिवसांतच क्वालकॉमची चिप असलेल्या फोनपुरती ती शिथिल झाली. लावा कंपनीबरोबरच्या वादात मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरपाई मंजूर केली. त्याच निकालात एरिक्सनचं एक पेटंट मात्र रद्दही झालं.

भारतीय कंपन्या खटल्यांमुळेच मागे पडल्या असं म्हणणं बरोबर होणार नाही. स्वस्त चिनी फोन आणि फोरजीचा झपाटा हीसुद्धा कारणं होती. आणि फोरजीसाठी ज्यांनी संशोधनात पैसा ओतला त्यांना काहीच मिळालं नाही, तर पुढचं संशोधन कोण करणार? पण रॉयल्टी शेवटी फोनच्या किमतीत येते हेही खरं. ऑनलाइन अभ्यासाच्या काळात एका फोनवर दोन-तीन भावंडांचा अभ्यास चाललेला आपण पाहिला आहे. आपल्या पालकांसाठी हजार-पाचशेचा फरकसुद्धा लहान नसतो.

मग उत्तर काय?

माझ्या मते पेटंटचा खटला हा मुळात वाईट नाही. त्याने मदत होते की नुकसान, हे तीन प्रश्नांवर ठरतं :

• तो शोध खरंच नवीन होता का?
• निकाल किती वर्षांत लागला?
• न्यायालयाने वस्तूची विक्रीच बंद केली, की योग्य मोबदला ठरवून ती चालू ठेवली?

यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. मोबाइलचं मॉडेल दोन वर्षांत जुनं होतं आणि निकाल दहा वर्षांनी येतो. अशा वेळी कोण बरोबर यापेक्षा कोणाची तिजोरी मोठी, याला महत्त्व येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा वादांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, हे त्या दृष्टीने चांगलं पाऊल आहे.

वर्गात काय करता येईल?

चौथी-पाचवीच्या मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने कागदाचं जास्तीत जास्त लांब उडणारं विमान बनवायचं. पहिल्या फेरीत कुणीही कुणाची घडी उचलावी. दुसऱ्या फेरीत ज्या गटाची घडी, त्याची परवानगी घ्यावी आणि बदल्यात एक रंगीत कागद द्यावा. तिसऱ्या फेरीत तक्रार आली की निकाल लागेपर्यंत दोन्ही गटांनी हात बांधून बसायचं. मग विचारा : कोणत्या फेरीत जास्त नवी विमानं झाली? कोणावर अन्याय झाला? उत्तर आपण सांगू नये. मुलांना वाद घालू द्यावा आणि शेवटी प्रत्येकाने आपलं मत कारणासह चार ओळींत वहीत लिहावं.