डीई-९

डीई-९ हा संगणक व इतर उपकरणे परस्परांना जोडण्यासाठी वापरला जाणारा नऊ पिनांचा कनेक्टर आहे. व्यवहारात तो बहुधा डीबी-९ या नावाने ओळखला जातो. मूळ नामपद्धतीनुसार मात्र हे नाव चुकीचे आहे. त्यामुळे संगणकक्षेत्रातील शब्दशुद्धीच्या वादांचे हे एक गमतीदार उदाहरण ठरले आहे.

नामपद्धती

डी-सबमिनिएचर मालिकेतील कनेक्टर कॅनन या अमेरिकी कंपनीने १९५२ मध्ये बाजारात आणले. त्यांचे धातूचे कवच इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे असते. नावातील पहिले अक्षर मालिका, दुसरे अक्षर कवचाचे आकारमान आणि अंक पिनांची संख्या दर्शवतो. नेहमीच्या रचनेत ए कवचात १५, बी कवचात २५, सी कवचात ३७, डी कवचात ५० आणि ई कवचात ९ पिना असतात. म्हणजे वर्णक्रमात शेवटचे असलेले ई कवच आकाराने सर्वांत लहान आहे.

चुकीच्या नावाचा उगम

आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकाच्या सिरियल व पॅरलल या दोन्ही जोडण्यांसाठी २५ पिनांचा डीबी-२५ कनेक्टर वापरात होता. त्यावरून 'डीबी' हे संपूर्ण मालिकेचेच नाव असल्याचा समज रूढ झाला. १९८४ मधील पीसी/एटी या संगणकात सिरियल जोडणीसाठी नऊ पिनांचा कनेक्टर आला आणि तोही डीबी-९ झाला. शब्दशः पाहिल्यास या नावाचा अर्थ 'पंचवीस पिनांच्या कवचात बसवलेल्या नऊ पिना' असा होतो.

शुद्धतेचा आग्रह व त्याचा उपयोग

उत्पादक आणि विक्रेतेही डीबी-९ हेच नाव वापरतात आणि त्यामुळे सहसा कोणाची फसगत होत नाही. म्हणून येथील दुरुस्ती हा पांडित्याचा अतिरेक मानला जातो. पंधरा पिनांच्या बाबतीत मात्र हा आग्रह उपयोगी ठरतो. जॉयस्टिकसाठीचा दोन ओळींचा डीए-१५ आणि १९८७ पासूनच्या व्हीजीए पडद्यांचा तीन ओळींचा डीई-१५ हे दोन्ही सर्रास डीबी-१५ म्हटले जातात. त्यांची कवचे वेगवेगळ्या आकारांची असल्याने ते एकमेकांत बसत नाहीत. केवळ 'डीबी-१५' अशी मागणी नोंदवल्यास चुकीचा सुटा भाग हाती येऊ शकतो. याउलट डीई-९ आणि डीई-१५ यांचे कवच एकच असते, पिनांची मांडणी मात्र भिन्न असते. जोर लावून ते जोडण्याचा प्रयत्न केल्यास पिना वाकतात.