परसातील कोंबड्यांत नव्या कोंबड्या सोडताना

आठवडी बाजारातून आणलेल्या कोंबड्या त्याच दिवशी जुन्या कळपात सोडू नयेत. मानमोडी रोगाची लक्षणे लागण झाल्यापासून साधारणपणे २ ते १५ दिवसांत दिसतात. त्यामुळे वरून निरोगी दिसणारी एक कोंबडी सारे खुराडे रिकामे करू शकते. नव्या कोंबड्या किमान ३ आठवडे दूर, वेगळ्या खुराड्यात ठेवाव्यात. त्यांना दाणापाणी जुन्या कोंबड्यांनंतर द्यावे व हातपाय स्वच्छ धुवावेत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मानमोडीची लस द्यावी. नंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून दोन्ही गटांस एकमेकांची सवय होऊ द्यावी. एकट्या कोंबडीस जुन्या फार टोचतात. म्हणून दोन-तीन एकदम, रात्री सोडाव्यात. दाणापाण्याची भांडी वाढवावीत. रक्त निघालेली कोंबडी ताबडतोब बाजूला काढावी.