गिटारीतला डास

डोंबिवलीतल्या कोणत्याही सोसायटीच्या जिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास उभे राहावे. पहिल्या मजल्यावर कुकरची शिट्टी, दुसऱ्यावर पेटीच्या क्लासची सरगम आणि तिसऱ्यावर कुणा चिरंजिवांची इलेक्ट्रिक गिटार! गिटारीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गिटार थांबल्यावर जे उरते त्याबद्दल. वादक तारांवर तळवा टेकतो, सूर विरतो, आणि तरीही ॲम्प्लिफायरमधून एक बारीक, चिवट 'चीं' चालूच राहते, जणू आत डास शिरला आहे! माझ्याकडे सोल्डरिंगचे सामान आहे आणि ते चालवायला वेळही आहे, ही बातमी कशी कोण जाणे ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरल्यामुळे हा डास मी बऱ्याच घरांत ऐकला आहे.

"काका, पेडल बिघडलंय का हो?" चिरंजीव विचारतात. मागून मातोश्री म्हणतात, "अहो, ह्याच्या बाबांनी बोनसातून घेऊन दिलंय ते!" आजोबा मात्र आरामखुर्चीतून ठामपणे सांगतात, की कसलाही आवाज येत नाही. त्यांचेही खरे असते. वयाबरोबर कानाचे वरचे सूर आधी जातात.

पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये बसणारी, पायाने दाबायची डबी. तिला बहुधा ९ व्होल्टची वीज लागते. ती डबी बिघडलेली क्वचितच असते. तपासणी अगदी सोपी आहे: ॲडॅप्टर काढावा आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावावी. डास गेला, तर तो पेडलमध्ये नव्हता. भिंतीकडून आला होता.

पूर्वीचा ॲडॅप्टर विटेसारखा जड असे, कारण त्यात लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर असे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि इतक्या संथ विजेला पेलायचे तर लोखंड भरपूर लागते. आता काड्यापेटीएवढा ॲडॅप्टर तेच काम करतो. तो आधी २३० व्होल्टची वीज सरळ करून सुमारे ३२५ व्होल्टची बनवतो आणि मग एका इलेक्ट्रॉनिक बटणाने तिचे सेकंदाला पन्नास हजार, लाख असे तुकडे पाडतो. वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर चिमुकला पुरतो. मोबाइलचा चार्जर, दूरदर्शन संच, एलईडी दिवा, सगळीकडे हीच युक्ती आहे.

ही युक्ती डोंबिवलीकर रोज कानांनी ऐकतात, पण ओळखत नाहीत. नव्या लोकल गाडीने फलाट सोडला की डब्याखालून एक सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो ना? जुन्या गाड्या विजेच्या वाटेतले रोधक एकेक करून काढीत आणि वेग घेत. नव्या गाड्या विजेचे तुकडे पाडून मोटारींना हवी तशी वीज घडवतात. तो चढता सूर त्या कापाकापीचाच आहे.

पण माणसाला २०,००० आवर्तनांच्या पलीकडचे ऐकू येत नाही. मग लाखाच्या घरातला हा खेळ कानाला कळतो कसा? एक तर पेडल फारच थोडी वीज खाते. तेवढ्यासाठी सतत काम करण्याऐवजी ॲडॅप्टर थोडे तुकडे पाडतो, थबकतो, पुन्हा पाडतो. हे थबकणे मात्र कानाच्या टप्प्यात येते. दुसरे म्हणजे एक ॲडॅप्टर साठ हजारांनी चालत असेल आणि दुसरा एकसष्ट हजारांनी, तर आवाज मुद्दाम फाडणारे डिस्टॉर्शन पेडल त्या दोघांतला एक हजाराचा फरक सूर म्हणून बाहेर काढते. शिवाय ते मुळातला इवलासा आवाज शेकडो पटींनी फुगवते, त्यात हेही फुगते. आणि घरी बनवलेल्या काही पेडलांत ९ व्होल्टचे दुप्पट करणारी एक चिप असते. तिची एक जुनी जात दहा हजारांनीच धावते. तिथे डास खरोखर पेडलमध्येच असतो!

जुन्या विटेलाही आवाज होताच. तो ५० आणि १०० आवर्तनांचा 'हंऽऽ', पांढरी पाचच्या किंचित वरचा. त्यावर १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी तोड काढली: दोन वेटोळी उलट जोडायची, म्हणजे तारांचा सूर बेरजेत येतो आणि बाहेरून शिरलेली गुणगुण वजाबाकीत जाते. पण ही जोडी हवेतून येणाऱ्या गुणगुणीला पुरते. पेडलच्या वायरीतून आलेल्या डासाला ती काय करणार?

एकाच ॲडॅप्टरची माळ करून पाच पेडले चालवली, तर डिजिटल पेडलची खळबळ बाकीच्यांच्या वाट्याला येते. प्रत्येक पेडलला अलग शाखा देणारा पुरवठा मिळतो. महाग असतो, पण बोनस तिथे खर्च व्हावा असे माझे मत आहे.

इथवर प्रश्न कानाचा होता. पुढचा जिवाचा आहे.

दोन पिनांच्या ॲडॅप्टरमधून एका लहानशा कपॅसिटरवाटे किंचित वीज सतत पलीकडे झिरपते. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून हात फिरवताना मुंग्या येतात, त्या याच्याच. ती वीज जमिनीकडे जायला वाट शोधते आणि ती वाट बहुधा गिटारच्या वायरीतून, ॲम्प्लिफायरच्या जाड तिसऱ्या पिनेकडे जाते. आवाज तिथेच शिरतो. मग कुणी शहाणा सल्ला देतो, "तिसरी पिन काढून टाक." आणि गंमत अशी, की आवाज खरोखर जातो! वाट तुटली, आवाज थांबला. पण उद्या ॲम्प्लिफायरच्या आत जिवंत वायर पेटीला टेकली, तर त्या विजेला जमिनीकडे न्यायला तारा धरून उभा असलेला मुलगाच उरतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्झी येथे लेस्ली हार्वे हा 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच गेला. १९७६ साली 'यार्डबर्ड्स'चा माजी गायक कीथ रेल्फ आपल्याच घरी गिटार वाजवताना गेला.

हे विलायतेचे झाले. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी असते. तो बँजो म्हणजे पिकअप बसवलेला बुलबुलतरंग. टेम्पोवर जनरेटर, वर भाद्रपदातला पाऊस आणि वादकाची बोटे तारांवर! मंडळाच्या वर्गणीतून रोषणाईआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि एक जाणता वायरमन यांचा खर्च निघाला पाहिजे, असे मी सभेत सांगितले, तेव्हा खजिनदारांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले.

घरचा सॉकेटही वायरमनकडून तपासून घ्यावा. तीन भोके दिसली म्हणजे तिसऱ्यामागे वायर असतेच असे नाही. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार कित्येकदा पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असे. पुढे प्लंबर आला, गंजलेला नळ काढून प्लास्टिकचा बसवून गेला. पाणी छान येऊ लागले. तार तिथेच लोंबत राहिली. तिच्याबद्दल प्लंबरला कुणी सांगितले नव्हते, आणि वायरमनला कुणी बोलावले नाही.