नटाचा रिझ्युमे: पानावर काय लिहावं, काय गाळावं

अधारताल, जबलपूरहून बोलतोय. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं वाटेल. पण आमच्या मोहल्ल्यातली नाटकवेडी मुलं मुंबईला कागद पाठवण्याआधी मला दाखवतात. बहुतेक कागद लग्नाच्या बायोडेटासारखे असतात: वडिलांचं नाव, जात, दहावीचे टक्के, घरचा पूर्ण पत्ता. भूमिका देणाऱ्याला यातलं काहीच नको असतं.

त्याच्या डोक्यात एक पात्र आधीच असतं. समोरचा माणूस त्यात बसेल का आणि त्याने आजवर कुणाबरोबर काम केलंय, एवढंच तो बघतो. म्हणून एकच पान. वर नाव, मोबाइल, ईमेल, शहर, उंची, कोणत्या वयाच्या भूमिका शोभतील (20 ते 28, असं) आणि भाषा. उंची मोजून लिहा. वाढवलेले दोन इंच कॅमेऱ्यासमोर उभं राहताच उघडे पडतात.

भाषांपाशी जरा थांबतो. 'मराठी, हिंदी' लिहून मुलं मोकळी होतात. अरे, तुम्ही घरात मराठी बोलता, शाळेत हिंदी शिकलात आणि बाजारात बुंदेली ऐकत वाढलात! ती बुंदेली लिहा. बेळगावच्या मुलाने कन्नड लिहावी, बडोद्याच्या मुलीने गुजराती. मुंबई-पुण्याच्या नटाकडे जे सहसा नसतं, ते आपल्याकडे घरबसल्या आलेलं असतं. फक्त नुसती समजते की सफाईने बोलता येते, तेही लिहा.

मग कामं. नाटक, लघुपट, मालिका असे वेगळे गट करा आणि प्रत्येक ओळीत कामाचं नाव, भूमिका आणि दिग्दर्शक किंवा संस्था द्या. गर्दीत उभे राहिलात तर 'गर्दीतला' असंच लिहा. हौशी नाटकं मुलं लाजून गाळतात, हे मला पटत नाही. जबलपुरात 'विवेचना'सारखी संस्था कित्येक वर्षं नाटक करते आहे. तिथली छोटी भूमिकाही लिहिण्याजोगी आहे. रघुवीर यादव याच जबलपूरचे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्याआधी ते पारशी थाटाच्या फिरत्या नाटक कंपनीत होते. त्या विद्यालयात प्रवेश मागतानाही पदवीबरोबर नाटकांतल्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तेव्हा प्रयोगाची पत्रकं, वर्तमानपत्रातली कात्रणं जपून ठेवा. प्रशिक्षणात कार्यशाळा कुणाची आणि किती दिवसांची, हे लिहा. तीन दिवसांच्या शिबिराला 'अभिनयाचा कोर्स' म्हणू नका.

आता कौशल्यं. अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात उमेदवार एक माहितीपत्रक भरतो आणि मुलाखत घेणारा तेच पुढ्यात ठेवून प्रश्न विचारतो. छंद म्हणून फुटबॉल लिहिलं की ऑफसाइडचा नियम सांगावा लागतो. नटाचंही तसंच. 'घोडेस्वारी' लिहिलीत तर एखाद्या सकाळी सेटवर खरा घोडा उभा असेल. ट्रेकवर तट्टूवर बसलो होतो, हे तिथे चालत नाही. हाड मोडतं, शिवाय सबंध युनिटचा दिवस वाया जातो. याउलट ट्रॅक्टर चालवता येत असेल, ढोलक वाजवता येत असेल, तर ते बिनधास्त लिहा.

फोटो दोन: चेहऱ्याचा एक, पूर्ण उंचीचा एक. अलीकडचे, साध्या उजेडातले, फिल्टर न लावलेले. दाढी वाढवली किंवा केस कापले की फोटो बदला. अभिनयाचा व्हिडिओ असेल तर त्याची लिंक द्या आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का, ते एकदा बघा.

आधार क्रमांक, बँकेचा तपशील या पानावर कधीच नको. आणि आधी पैसे भरा, महागडा पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा, मग काम देतो, असं कुणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा.

शेवटचं. पान पीडीएफ करून पाठवा. फाइलला 'फायनल 2' म्हणू नका; स्वतःचं नाव, शहर आणि उंची लिहा. शेकडो फाइलींत तीच सापडते. मोबाइल नंबर बदलला, तर नवं पान त्याच दिवशी पाठवा.