औषधाच्या बिलावरचा बॅच नंबर : गोंदियापासून जिनिव्हापर्यंत

गोंदियाच्या बाजारातला धानाचा व्यापारी पोत्यात हात घालतो, दाणा दाताखाली फोडतो आणि ओलावा सांगतो. तेंदूपत्त्याचा जाणकार पान बोटांत फिरवून त्याचा दर्जा ओळखतो. औषधाच्या धंद्यात ही सोय नाही. सीलबंद बाटलीत काय आहे हे विकणाऱ्या दुकानदाराला दिसत नाही आणि घेणाऱ्या आईलाही दिसत नाही. सारा व्यवहार कागदावर आणि विश्वासावर चालतो. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

घराजवळची घटना

गोंदियाहून बालाघाट आणि शिवनी ओलांडले की छिंदवाडा जिल्हा लागतो. तेथे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचे सिरप घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. सिरप तयार झाले होते तामिळनाडूत. तेथील सरकारी प्रयोगशाळेला एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

हे रसायन शाई, ब्रेक ऑइल अशा कारखानी मालात चालते. सिरपमध्ये वापरायचे असते ते औषधी दर्जाचे प्रॉपिलीन ग्लायकॉल. त्याच्या जागी कारखानी प्रतीचा स्वस्त पिंप घेतला आणि तपासणी टाळली, की असा घात होतो.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याच बॅचबद्दल लोकांना सावध केले आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगभर इशारा पाठवला.

जुनेच दुखणे

याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला होता. त्या वेळी ते ग्लिसरीनमध्ये होते आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात किमान ६६ बालके दगावल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. आपल्या सरकारने राखून ठेवलेले नमुने निर्दोष असल्याचे सांगितले. तरीही १ जून २०२३ पासून निर्यातीच्या सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला.

आम्हाला खटकते ते इथे. परदेशी जाणाऱ्या बाटलीला दाखला लागतो. देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीसाठी तपासणीचे नियम होते, पण माल निघण्यापूर्वी असा दाखला सक्तीचा नव्हता. छिंदवाड्याने त्याची किंमत मोजली.

साखळी कशी चालते

अशा औषधांविरुद्ध सदस्य देशांची संयुक्त यंत्रणा २०१२ साली उभी राहिली. जागतिक नोंद ठेवण्याचे काम २०१३ मध्ये सुरू झाले. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहांपैकी एक औषध सदोष किंवा बनावट असते, असा संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. त्याच वर्षी दोन शब्द वेगळे केले गेले. परवानाधारक कारखान्याचा पण कसोटीत नापास झालेला माल तो निकृष्ट. नाव, घटक किंवा उगम याबाबत मुद्दाम फसवणूक करून विकलेला तो बनावट. बनावटीचे उदाहरणही दूरचे नाही. शासकीय रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या टाल्कम पावडर व स्टार्चच्या होत्या, असा आरोप नागपूर ग्रामीण पोलिसांनी सप्टेंबर २०२४ च्या दोषारोपपत्रात ठेवला आहे.

कुठेतरी नमुना नापास होतो, त्या देशाकडून जिनिव्हाला खबर जाते आणि तेथून औषधाचे नाव, उत्पादक व बॅच नंबर सर्वत्र कळवला जातो. मग देश, राज्य, जिल्हा असे करत तो इशारा देवरी, सालेकसा किंवा आमगावच्या दुकानातल्या फळीपर्यंत यायचा असतो. त्या दुकानात बिलच नसेल, तर जिनिव्हाचा इशारा काय कामाचा?

दुकानदारांनी हे करावे

१. परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याकडूनच पक्क्या बिलावर माल घ्यावा. बिलावरचा बॅच नंबर बाटलीशी ताडून पाहावा.

२. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त माल आला, तर तो स्वस्त का, हे आधी विचारावे.

३. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार झालेल्या ३०० प्रमुख ब्रँडांवर क्यूआर कोड असतो. तो मोबाईलवर तपासावा.

४. बंदी आलेली बॅच वेगळी ठेवून औषध निरीक्षकांना कळवावे. गुपचूप परत पाठवू नये.

५. गिऱ्हाइकाला बिल द्यावे. विडी वळणाऱ्या माउलीनेही दहा रुपयांच्या औषधाचे बिल मागावे.

बनावट औषधाने मृत्यू झाल्यास किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा कायद्यात आहे. पण हलालची कमाई जपणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना शिक्षेचे भय घालावे लागेल, असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी उद्या सकाळी दुकान उघडताच फळीवरची प्रत्येक बाटली आणि तिचे बिल समोरासमोर ठेवून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.